ब्रिजटाउनचा एक दिवस: कॅटामरान, कासवं आणि अप्पांच्या मिशा

आधी आमची चूक सांगते, म्हणजे पुढचं पटेल. पोर्तो रिकोतल्या सॅन हुआनहून सात रात्रींची क्रूझ होती. सोबत नवरा, नऊ वर्षांची लेक आणि देवगडहून आलेले सासू-सासरे, म्हणजे आई आणि अप्पा. बार्बाडोसच्या दोन दिवस आधी एका बेटावर आम्ही जहाजाच्या काउंटरवरूनच स्नॉर्केलिंगची (मास्क लावून, पाण्यावर तरंगत खालचं बघायची) सहल घेतली. 'चार तास' असं लिहिलेलं. त्यात धक्क्यावरची रांग आली, सत्तर-ऐंशी माणसांचं बोटीत चढणं आलं, सूचना आल्या, जाणं-येणं आलं. पाण्यात जेमतेम पंचवीस मिनिटं. आईंचा शिडीवर नंबर लागला तोवर परतीची शिट्टी झाली. तेव्हा सहल किती तासांची आहे ते सोडा. पाण्यात किती मिनिटं, किती ठिकाणी आणि बोटीत माणसं किती, एवढं विचारा.

बार्बाडोसचं नशिबाने काही ठरवलं नव्हतं. त्या रात्री जहाजाच्या महागड्या वायफायवर बसून शोधाशोध केली. ब्रिजटाउनला, म्हणजे बार्बाडोसच्या राजधानीत, सोय अशी, की कॅटामरान (दोन तळांच्या बोटी) सुटतात ते 'शॅलो ड्राफ्ट' नावाचं छोटं बंदर क्रूझच्या धक्क्याला लागूनच आहे. बरेच बोटवाले टर्मिनलवरून गाडीने नेतात. जहाज विकतं ती सहलही बहुतेकदा अशाच एखाद्या स्थानिक बोटीवर असते, फक्त मध्ये जहाजाचा वाटा आणि जास्त गर्दी.

मग सगळ्यांनी बाहेरूनच घ्यावी का? नाही. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरच्या बोटीला झाला तर थांबत नाही आणि पुढच्या बेटाचं विमान, व्हिसा सगळं आपल्या गळ्यात. भारतीय पासपोर्टवाल्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. आमचा हिशेब सोपा होता: जहाज पाचला सुटणार, सहल दोनला संपणार, बोट परतते ती जागा हाकेच्या अंतरावर. दुपारची सहल असती तर मी मुकाट्याने जहाजाचीच घेतली असती. घड्याळाचंही बघा. सॅन हुआन आणि बार्बाडोसची वेळ एकच, पण हिवाळ्यात फ्लोरिडाहून निघालात तर एका तासाचा फरक पडतो आणि जहाजावरचं घड्याळ बदलतातच असं नाही.

आणखी एक गोम. बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर आहे, दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन. दर सांगितला की कुठला डॉलर ते लगेच विचारा. अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात.

आता पोहण्याचं. आईंचा जन्म समुद्राकाठी गेला, पण घोट्याच्या वर पाणी लागू दिलेलं नाही. मालवणला स्नॉर्केलिंग करताना एक माणूस आपल्याला धरून असतो. इथे तसं गृहीत धरू नका. मास्क देतात, जॅकेट देतात आणि शिडी थेट खोल पाण्यात उतरते. मी मेल करून आधीच विचारलं: पोहता न येणारी बाई आहे, पाण्यात तुमचं कोणी असेल का? तीन ठिकाणी विचारलं, एकानेच नीट उत्तर दिलं. तीच बोट घेतली. माणसं बावीस. बाकी दोघांनी बारच्या यादीचं पीडीएफ पाठवलं होतं.

पहिला थांबा कार्लाइल बे. तळाशी बुडालेल्या जहाजांचे सांगाडे आहेत. 'बर्विन' नावाची फ्रेंच टगबोट (मोठी जहाजं ओढणारी बोट) १९१९ मध्ये बुडाली, ती इतकी उथळ पाण्यात आहे की वर तरंगत नुसतं खाली बघितलं तरी पुरे. गंजलेल्या लोखंडावर प्रवाळ चढलंय, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे अंगाशी येतात. जवळच 'बेजन क्वीन' ही २००२ मध्ये मुद्दाम बुडवलेली पार्टीची बोट आहे. आईंना एका पोराने लाइफ-रिंगला धरायला लावलं आणि ती रिंग ओढत ओढत पूर्ण फेरी मारून आणली. वर आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगो, खाली गाव आहे पुरा!"

अप्पांचं मात्र जमेना. मास्कमध्ये सारखं पाणी. कारण मिशा. नाकाखाली केस असले की रबर चेहऱ्याला चिकटत नाही. मिशा काढायचा विषय काढण्याची आमच्या घरात कोणाची हिंमत नाही; खलाशाने व्हॅसलीनची डबी आणली आणि जाड थर थापला. पाणी थांबलं. डबी स्वतःची न्या. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारावं. ऐनवेळी मिळत नाही.

दुसरा थांबा पश्चिम किनाऱ्यावर, कासवांसाठी. हा कॅरिबियन बाजूचा किनारा शांत असतो, अटलांटिककडचा पूर्व किनारा खवळलेला. तरी हिवाळ्यात कधीकधी उत्तरेकडून लाटा येतात आणि पाणी गढूळ होतं. तेव्हा कासव दिसेलच अशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आम्हाला तीन हिरवी कासवं दिसली. काही बोटी माशांचे तुकडे टाकून त्यांना बोलावतात, ते मला आवडलं नाही. हात लावू नये, वरून अडवू नये; श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. त्या दिवशी बंदरात चार जहाजं होती आणि दहापर्यंत तिथे बोटींचा बाजार भरला. आपल्या तारखेला किती जहाजं येणार ते आधी बघा आणि सकाळची पहिली फेरी घ्या.

कॅटामरानला दोन तळ असल्यामुळे ती साध्या बोटीसारखी डुलत नाही. तरीही उलटीची गोळी घ्यायची तर निघण्याच्या तासभर आधी. पुढच्या जाळीवर लोळायला मजा येते. फक्त वारा असल्याने ऊन लागलेलं कळत नाही. क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट बरा, प्रवाळालाही त्रास नाही. आणि लष्करी छापाचे कपडे जहाजातच ठेवा. बार्बाडोसमध्ये ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनासुद्धा. लेकीची टोपी धक्क्यावरच्या पाटीमुळे वाचली.

जेवणात उडणारे मासे, मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) आणि तुरीसारख्या दाण्यांचा भात. शाकाहाऱ्यांनो, भात बघून हुरळू नका. चवीला खारवलेलं मांस घालायची तिथे पद्धत आहे आणि पायमध्ये अंडं असू शकतं. विचारून घ्या. आईंचा मार्गशीर्षातला गुरुवार होता, त्यांनी कलिंगड-अननसावर भागवलं. रम पंच पाण्यातून बाहेर आल्यावरच मिळतं, आणि ते बरोबरच आहे. अप्पांनी ते सरबत समजून दोन ग्लास घेतले.

दोनला परत. जहाजात साडेचारपर्यंत चढायचं होतं, म्हणून दोघे बापलेक टॅक्सीने केन्सिंग्टन ओव्हलला जाऊन आले. मैदान बंदराजवळच आहे. २९ जून २०२४ ची टी-२० वर्ल्ड कपची फायनल तिथलीच, त्यामुळे नवऱ्याला सूर्यकुमारच्या झेलाची बाउंड्री बघायची होती. गेट बंद होतं. अप्पा मात्र कुंपणाबाहेर उभे राहून १९६२ मध्ये इथेच आपला कॅप्टन नरी काँट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला ती गोष्ट टॅक्सीवाल्याला सांगत बसले. हिंदीत. तो मान डोलवत होता म्हणे, आणि मीटर नसल्यामुळे भाडं आधी ठरवलं होतं हे बरं झालं.