माया

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातल्या पुतळ्याची पाठ मला परवा प्रथमच दिसली. समोरून त्याच्या अंगावर कुर्ता अगदी चापूनचोपून बसला होता. मागे मात्र मूठभर कापड गोळा करून त्याला सात-आठ टाचण्या लावलेल्या होत्या. म्हणजे तो कुर्ता पुतळ्यालाही नीट बसत नव्हता, आणि आत ट्रायल रूममध्ये माझी सोळा वर्षांची भाची तोच कुर्ता आपल्याला तसा का दिसत नाही, म्हणून पोट आत ओढून आरशासमोर उभी होती.

आजीच्या बोलण्यात ‘वाळणे’ ही तक्रार होती. सुटीत तिच्याकडे गेले की ‘किती वाळलीस गं’ म्हणत ती भातावर तुपाची आणखी एक धार सोडत असे, आणि ‘खात्यापित्या घरची’ हे तिच्या लेखी मुलीचे कौतुक होते. (रंगाच्या बाबतीत तिची नजर निर्दय होती, हेही सांगितले पाहिजे.) आता लग्नकार्यात ‘किती बारीक झालीस!’ याहून मोठी दाद नाही. मधल्या काळात त्या बाईला टायफॉइड तर झाला नव्हता ना, याची चौकशी कोणी करत नाही.

फिजीमधल्या नाद्रोगा भागातही भरलेल्या अंगाचे कौतुक होते आणि कोणी रोडावले की घरचे काळजीत पडत. १९९५ साली तेथे दूरचित्रवाणी पोहोचली. संशोधक अॅन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुलींचे प्रमाण शून्यावरून ११.३ टक्क्यांवर गेलेले आढळले. अवघी तीन वर्षे! भाचीच्या हातात तर तो पडदा चोवीस तास असतो.

खुद्द फॅशनच्या जगाला जाग आली ती २००६ साली. त्या वर्षी लुईझेल रामोस ही उरुग्वेची तरुण मॉडेल फॅशन शोच्या वेळीच कोसळून मरण पावली आणि माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने १८ पेक्षा कमी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) असलेल्या मॉडेलना मज्जाव केला. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा संगणकावर बदलला असेल, तर तसे छायाचित्रावर छापावे लागते. पुतळ्याची पाठ गिऱ्हाइकाकडे फिरवणारा हा कायदा मला फार आवडला.

शिवणीच्या आत शिंपी जे जास्तीचे कापड राखतो, त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. बाळंतपण, आजारपण, वाढते वय हे सारे शरीराला होणारच, हे त्या दोन बोटे कापडात आधीच धरलेले असे. ब्लाउज घट्ट झाला की शिवण उसवायची, बाईने स्वतःला कोसायचे नाही. कारखान्यात हजारो नगांमागे तेवढे कापड वाचवणे परवडते, त्यामुळे तयार कपडा अंगाला सवलत देत नाही.

भाचीने हट्टाने घेतलेला तो कुर्ता घेऊन आम्ही सदाशिव पेठेतल्या आमच्या शिंप्याकडे गेलो. त्यांनी तो उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“ताई, यात माया नाही हो. काखेखाली दोन्हीकडे पट्टी जोडावी लागेल. शुक्रवारी या.”