उलट जोडलेले हात

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिहा, असं पत्र आलं. लिहायला बसलं की शाळा बाजूला राहते आणि जीवशास्त्राच्या बाई पुढे येतात. बाकीच्या गुरुजनांनी माफ करावं.

बाईंच्या मागे प्रयोगशाळेतला सापळा आलाच. सुट्टीत भिंतींना रंग देताना तो उतरवला होता, आणि परत जोडताना कोपराखालचा उजवा भाग डावीकडे गेला, डावा उजवीकडे. बाईंनी तो तसाच टांगू दिला आणि फळ्यावर लिहिलं : चूक शोधा. वर्गाने २०६ हाडं मोजली, बरगड्यांच्या १२ जोड्या मोजल्या, मानेचे ७ मणके मोजले. सगळं बरोबर!

"हात खाली सोडा, तळवे पुढे करा. अंगठे कुठं गेले?" बाहेर. सापळ्याचे तळवेही पुढेच होते, पण अंगठे मांडीकडे. "आता तुमचे अंगठे मांडीकडे न्या." नेले, तर तळवे मागे वळले.

बाईंचा पुढचा अख्खा तास या वळण्यावर. उजव्या कोपराचं टोक डाव्या चिमटीत धरा आणि तळवा उलटसुलट करा. टोक जागचं हलत नाही, ते अल्ना. फिरतं ते अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. तळवा वर असताना दोन्ही हाडं शेजारी-शेजारी. पालथा केला की रेडियस अल्नावर तिरकं चढतं. तव्यावरची भाकरी उलटताना हेच होतं. रेडियसचं वरचं बटणासारखं डोकं अस्थिबंधाच्या कड्यात फिरतं. चार-पाच वर्षांच्या आतल्या पोरात हे कडं सैल असतं. म्हणून बाई बजावायच्या, गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत पोराला एका हाताने हिसकून ओढू नका. डोकं कड्यातून सरकतं, आणि पोर तो हात लुळा धरून रडत बसतं. उचलायचं ते काखेत हात घालून.

स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही, हे दाखवायला मॉडेल लागलं नाही. लाकडी फूटपट्टीचं शून्याचं टोक खिळ्यात अडकवलं; तो कोपरा. ५ सेंमीवर स्प्रिंगकाटा, तो दंडाचा स्नायू. ३० सेंमीवर, तळहाताच्या जागी, २०० ग्रॅमचं वजन. पट्टी आडवी उचलून धरायला काटा १२०० ग्रॅमच्या वर गेला, कारण पट्टीचंही वजन होतंच. एवढी ताकद वाया का घालवायची? तर स्नायू १ सेंमी आखडला की हात ६ सेंमी जातो. हातमागाच्या दोरीला हिसका देणाऱ्या विणकराला हवा असतो तो हाच वेग. आणि हात सरळ करायला दंडामागचा दुसरा स्नायू लागतो; पहिला त्या वेळी सैल पडला नाही तर कोपर ताठतं.

विडी वळणाऱ्या बायकांच्या अंगठ्याबद्दलही त्या बोलायच्या : मुळाशी खोगिरासारखा सांधा, म्हणून तो चारी बोटांना भिडतो आणि वर्षानुवर्षं तेच काम केलं की झिजतोही तिथंच.

बाईंचे कितीतरी विद्यार्थी आज हाडांच्या दवाखान्यांत आणि फिजिओथेरपीत आहेत. प्रयोगशाळेत मात्र आता काचेच्या कपाटात प्लास्टिकचा सापळा आहे. रेडियस आणि अल्ना एकाच साच्यातून काढलेली, फिरतच नाहीत. २०६ पाठ करायला तो पुरेसा आहे. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून काही घ्यायचंच असेल, तर सुट्या हाडांचा एक हात घ्या, कोपरापासून बोटांपर्यंत, तारेने ओवलेला. आणि तो कपाटाबाहेर ठेवा.