नव्वद टक्के झाले की पाठवा

टू पॉइंट हॉस्पिटल या, हॉस्पिटल चालवायच्या कॉम्प्युटर गेममधल्या डॉक्टरांचं निदान टक्क्यांत चालतं, आणि मला त्या गेममध्ये सगळ्यात जास्त हेच आवडतं. पेशंटच्या मानेवर डोक्याच्या जागी चक्क विजेचा बल्ब आहे, पार रिसेप्शनपासून सगळ्यांना दिसतोय, पण जीपी, म्हणजे सुरुवातीला तपासणारा साधा डॉक्टर, त्याला आत घेणार, बराच वेळ तपासणार आणि अजून खात्री नाही म्हणून पुढच्या तपासणीला धाडणार. तिथून कधी कार्डिओलॉजी, कधी एक्स-रे, आणि प्रत्येक खोलीतून बाहेर पडलं की परत जीपीच्याच दारात, म्हणजे एकच माणूस त्याच रांगेत पुन्हा पुन्हा उभा. नवीन खेळणारे भारीभारी मशिनं घेत बसतात, खोळंबा मात्र असतो जीपीकडे, तिथे दोन-तीन केबिन जास्तीच्या टाकल्या की निम्मी कटकट संपते.

टक्के किती वाढणार ते डॉक्टर किती शिकलाय आणि मशीन किती चांगलं यावर. पण खरी मजा पुढे आहे, किती टक्के खात्री झाली की उपचार सुरू करायचे हे डॉक्टर नाही ठरवत, ते ठरवतो आपण, मॅनेजमेंट, पॉलिसीच्या पानावरचा एक स्लायडर सरकवून! खाली ओढला की रांगा पटापट हलतात पण उपचार फसायची भीती, वर नेला की प्रत्येक जादा तपासणीची फी गल्ल्यात येते आणि तोवर पेशंटची तब्येत खालावत जाते. काही तर कॉरिडॉरमध्येच जातात आणि भूत होऊन इतरांना घाबरवत फिरतात, मग त्यांना व्हॅक्युमने ओढून घ्यायला सफाईवाला लागतो, तोही त्या कामाचं ट्रेनिंग घेतलेला. (असली कल्पना ब्रिटिशांनाच सुचू शकते.)

गेम 2018 चा, पण तो करणाऱ्यांपैकी गॅरी कार आणि मार्क वेबली हे 1997 च्या थीम हॉस्पिटलवर काम केलेले. त्या जुन्या गेममध्ये निदान अडकलं की आपल्याला फॅक्स यायचा, याला काय झालंय कळत नाहीये, अंदाजाने उपचार करू की घरी पाठवू? मला अजून तो फॅक्सच बरा वाटतो. स्लायडर एकदा लावला की विसरून जातो माणूस, फॅक्स आला की किमान त्या एका पेशंटकडे बघावं तरी लागायचं.