बुडालंय की पार्क केलंय?

लेगोचं शिडाचं जहाज मी याआधी दोनदा बनवलंय. त्यात फार डोकं लागत नाही, पुस्तिकेत पान उलटायचं, ठोकळा शोधायचा, दाबायचा, पुढचं पान. यावेळी ठरवलं की पुस्तिका नको, सेट नको, घरात जे डबे भरून ठोकळे पडलेत त्यातूनच काहीतरी करायचं, आणि जहाज तरंगणारं नको तर बुडालेलं, आणि नुसतं बुडालेलं पण नको, वर काढताना. क्रेन, ती वाहणारा सपाट तराफा म्हणजे बार्ज, पाणबुडे, खाली चिखलात रुतलेलं गलबत, असा सगळा सीन. डोक्यात एकदम फर्स्टक्लास दिसत होता.

पहिल्या रविवारी संध्याकाळी भाची येऊन बघून गेली. करड्या बेसप्लेटवर मी जहाज ठेवलेलं, दोन डोलकाठ्या मोडलेल्या, बाजूला एक तोफ पडलेली. तिने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "मामा, हे बुडालंय की पार्क केलंय?"

कार्टीचं बरोबर होतं. सपाट जमिनीवर सरळ उभं जहाज, ते बुडालेलं कसं वाटणार. आणि इथेच पहिल्यांदा कळलं की लेगोला मोडकं दिसायचं वळणच नाहीये. त्याचा सगळा जन्मच काटकोनात. वरच्या बटणांमधलं अंतर बरोबर 8 मिमी, ठोकळ्याची उंची 9.6 मिमी, तीन पातळ प्लेटी एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा होतो, आणि आतल्या नळ्यांमुळे पकड इतकी घट्ट की 1958 सालच्या पेटंटातला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो म्हणतात तो बसतोच. अशा शिस्तीच्या वस्तूला सांग की बाई आता तू साडेतीनशे वर्षं पाण्यात कुजलीयस तशी दिस. नाही दिसत. एक फळी काढली तर तिथे कुजलेलं भोक दिसत नाही, खिडकी दिसते. चौकोनी, नीटनेटकी, पडदे लावायचे तेवढे बाकी.

मग खरी जहाजं कशी बुडाली, कशी काढली ते वाचायला बसलो (हे माझं नेहमीचं, ठोकळे कमी आणि वाचन जास्त). स्वीडनचं वासा तर बहुतेकांना माहीत असतं, 10 ऑगस्ट 1628 ला स्टॉकहोमला पहिल्याच सफरीवर निघालं, जेमतेम 1300 मीटर गेलं, वाऱ्याचा झोत आला, कललं, खालच्या तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या त्यातून पाणी घुसलं आणि बंदरातच तळाला. 333 वर्षांनी, 1961 मध्ये बाहेर काढलं तेव्हा जवळजवळ अख्खं निघालं, कारण बाल्टिकचं पाणी इतकं कमी खारट की लाकूड पोखरणारा जहाजकिडा तिथे जगत नाही. म्हणजे वासा करायचं तर अख्खं जहाज करावं लागणार आणि माझ्याकडे तपकिरी ठोकळे होते साधारण अर्ध्या जहाजापुरते.

इथे इंग्लंडची मेरी रोझ धावून आली. ती 1545 च्या जुलैत बुडाली ती उजव्या कुशीवर, आणि जेवढा भाग गाळात गेला तेवढा टिकला, वर उघडा राहिलेला डावा भाग किड्यांनी आणि प्रवाहाने खाऊन टाकला. 1982 मध्ये वर आलं ते साधारण अर्धंच जहाज, उभं चिरल्यासारखं, आतले मजले आणि बरगड्या दिसतायत असं. मी ते वाचून अक्षरशः टाळी वाजवली. माझ्या टंचाईला एकदम इतिहासाचा पाठिंबा! आता कोणी विचारलं की दुसरी बाजू कुठाय तर सांगणार, किड्यांनी खाल्ली.

तर सगळं उसकटलं आणि नव्याने केलं. यातली गंमत म्हणजे मोडकं जहाज थेट मोडकं बनवताच येत नाही. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ते जहाज न वाटता पडकं कुंपण वाटलं. शेवटी आधी ती बाजू नीट पूर्ण बांधली, बरगडी, फळी, डेक, तोफांच्या खिडक्या, सगळं, आणि मग एकेक करत काढत गेलो, गाळाच्या जवळचं ठेवायचं, वरचं जास्त खायचं, टोकाला ठोकळा काढून प्लेट, प्लेट काढून अजून बारकी प्लेट, म्हणजे कडा झिजल्यासारखी उतरते. काही फळ्या बिजागरीच्या तुकड्यांवर आडव्या लावल्या, बटणं बाजूला तोंड करून, त्यामुळे त्या किंचित लोंबतात. एका रात्री दोन तास फक्त एक फळी किती वाकडी ठेवावी यात गेले. इतक्या काळजीने मी कधी काही बांधलं नसेल जितक्या काळजीने हे पाडलं.

आता समुद्र. मिनीफिगर, म्हणजे तो लेगोचा पिवळा माणूस, साधारण 4 सेंटीमीटरचा. त्याला खरा माणूस धरला तर प्रमाण येतं अंदाजे 1 ला 42. वासा 32 मीटर खोल होतं, म्हणजे माझ्या टेबलावर पाणी हवं पाऊण मीटर उंच, जवळजवळ ऐंशी ठोकळे! जहाजाचं तर विचारूच नका, 69 मीटरचं वासा दीड मीटरच्या पुढे जातं, त्यावर झोपता येईल. मी वीस ठोकळ्यांवर तडजोड केली. म्हणजे माझा समुद्र आठेक मीटर, त्यात बुडालेलं जहाज खरंतर डोलकाठी बाहेर काढून हात दाखवत उभं राहिलं असतं, म्हणून डोलकाठ्या आधीच मोडल्या. पाण्याचा पृष्ठभाग पारदर्शक निळ्या प्लेटींचा, तो चार कोपऱ्यात पारदर्शक खांबांवर उभा, आणि मध्ये पाणी म्हणून काहीही नाही, हवा. लोकांचे डोळे भरून घेतात बरोबर.

त्या पृष्ठभागावर काय ठेवायचं यात मात्र मी बराच अडकलो. मला क्रेन हवी होती कारण क्रेन दिसायला भारी. पण वासा क्रेनने उचललंच नाही. पाणबुड्यांनी आधी पाण्याच्या जोरदार झोताने जहाजाखाली चिखलात सहा बोगदे खणले, अंधारात, डोक्यावर अख्खं जहाज, विचार करूनच कसंतरी होतं. त्या बोगद्यांतून जाड पोलादी दोर घातले आणि वर दोन्ही बाजूंना पॉन्टून, म्हणजे पोकळ तरंगते डबे. पॉन्टूनमध्ये पाणी भरायचं म्हणजे ते खाली बसतात, मग दोर ताणून घट्ट करायचे, मग पाणी उपसायचं, पॉन्टून वर येतात आणि सोबत जहाजाला थोडं उचलतात. तसंच उचललेलं उथळ पाण्याकडे न्यायचं, टेकवायचं, पुन्हा पहिल्यापासून. 1959 मध्ये असं अठरा वेळा करून ते 32 मीटरवरून 16 मीटरवर आणलं. नंतर दीडेक वर्ष नुसती भोकं बुजवत होते, कारण लोखंडी खिळे गंजून गेले होते आणि प्रत्येक खिळ्याच्या जागी भोक. मला हे पॉन्टूनचं प्रकरण इतकं आवडलं की घरात जो येईल त्याला सांगत सुटलो, आता लोक विषय बदलतात.

मेरी रोझला मात्र क्रेन होती, मोठी तरंगती. वर पोलादी सांगाडा, त्याला जहाज बऱ्याच ठिकाणी टांगलेलं, खाली पाळण्यासारखी चौकट आणि तिच्यात हवेच्या उश्या, लाकडाला धक्का लागू नये म्हणून. म्हणून मग ठरलं, जहाज अर्धं तर क्रेनही तीच. पिवळी क्रेन, करडा बार्ज, काळा सांगाडा, पांढरा दोरा.

तळाला शेवाळ, दोन खेकडे, एक ऑक्टोपस. ऑक्टोपसवरून आठवलं, 13 फेब्रुवारी 1997 ला टोकियो एक्सप्रेस नावाच्या मालवाहू जहाजाला इंग्लंडच्या टोकाजवळ प्रचंड लाट लागली आणि 62 कंटेनर समुद्रात गेले. त्यातल्या एकात लेगोचे जवळजवळ 48 लाख तुकडे होते आणि त्यातले बरेचसे नेमके समुद्राच्या थीमचे, ऑक्टोपस, तलवारी, पाणबुड्यांच्या पायातली फ्लिपरं, लाइफ जॅकेटं! ते आजही किनाऱ्यांवर सापडतात आणि गोळा करणारे लोक आहेत. म्हणजे मी प्लास्टिकच्या तळावर प्लास्टिकचा ऑक्टोपस ठेवत होतो आणि त्याची सख्खी भावंडं खऱ्या तळावर बसलीयत. तिथे त्यांना किडा लागणार नाही, जहाजाचं ओक लाकूड कुजेल पण हे कुजणार नाहीत. फार छान वाटलं नाही हे लिहिताना, असो.

दुसऱ्या रविवारी भाची परत. खाली वाकली, एक डोळा बंद करून बघितलं, म्हणाली आता बुडालंय. मी खूश. मग म्हणाली, "पण मामा, दोरा सैल आहे. मग उचलतंय कोण?"

आता हिला काय सांगणार की उचलतंय कोणी नाही, जहाजाखाली लेगोच्याच टेक्निक प्रकारातली काळी काठी लपवलीय आणि दोरा शोभेचा आहे. पण तिने ती काठी पण शोधलीच. म्हणाली, चीटिंग आहे. म्हणून काठी काढली आणि खरोखर उचलायचं ठरलं. दोरा सांगाड्याला सहा ठिकाणी बांधला, तिने क्रेनच्या पाठीमागे वजन म्हणून ठोकळ्यांचा गठ्ठा लावला, मी रीळ फिरवायला लागलो. दोरा ताणला गेला, क्रेनची मान किंचित वाकली, आणि जहाज गाळातून सुटलं, एक ठोकळा वर, दोन ठोकळे वर, दोघंही श्वास रोखून. आणि टक्. एका कोपऱ्याची पिन निसटली, सांगाडा तिरका झाला आणि जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली आली.

11 ऑक्टोबर 1982 ला पण हेच झालं होतं. जहाज पाण्याबाहेर आलेलं, सगळे बघतायत आणि सांगाड्याचा एक कोपरा मीटरभर खाली घसरला. जहाजाला फारसं काही झालं नाही. माझ्याही दोन फळ्या आणि एक खेकडा सोडता सगळं जागेवर होतं.

ती म्हणाली नीट करूया. मी म्हटलं थांब, राहू दे असंच, वाकडं. फक्त बार्जवरचा मुकादम अजून दात काढून हसत होता, ते शोभेना. लेगोच्या बऱ्याच माणसांच्या डोक्याला मागच्या बाजूला दुसरा चेहरा असतो, घाबरलेला, टोपीखाली लपलेला. तिने त्याचं हेल्मेट काढलं, मुंडकं अर्धा फेरा फिरवलं आणि हेल्मेट परत बसवलं.