छप्पराला दाता मिळत नाही

हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली ती मुंबईहून तिकडे गेलेल्या एका पारशी व्यापाऱ्याच्या पैशावर. होर्मसजी नौरोजी मोदी हे त्यांचे नाव. दीड लाख हाँगकाँग डॉलर दिले, १९१० च्या मार्चमध्ये कोनशिला बसली. आपल्या अमळनेरला गिरणीमालक प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, काढले ते १९१६ मध्ये, म्हणजे काळ साधारण तोच. त्या पिढीतले शेठ लोक शिक्षणासाठी हात सैल सोडायचे, हे मान्यच करायला हवे.

मी धुळ्याच्या एका अनुदानित कॉलेजात लेखापाल होतो, त्यामुळे मला कोनशिलेपेक्षा पुढचा भाग जास्त जवळचा. १९४१ च्या डिसेंबरात जपान्यांनी ब्रिटिशांची वसाहत असलेले हाँगकाँग घेतले. कुलगुरू डंकन स्लॉस तिथल्याच स्टॅन्ली भागातल्या छावणीत नजरकैदेत पडले आणि इकडे विद्यापीठाची अक्षरशः लूट झाली. दारे गेली, खिडक्यांच्या चौकटी गेल्या, छप्पराची लाकडे गेली, सगळे जळणाला. मोठ्या सभागृहावर आकाश तेवढे उरले. नेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. चूल पेटवायची तर माणूस ग्रंथालयाची फळीसुद्धा फोडेल.

युद्ध संपले आणि खरा प्रश्न आला: पैसे कुणाच्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या सदरातून? १९४५ च्या कायद्याने ब्रिटनने वसाहतींच्या विकासासाठी दहा वर्षांकरिता १२ कोटी पौंड राखले होते, पण ते सगळ्या वसाहतींत मिळून. युद्धाने लंडनची स्वतःचीच तिजोरी खडखडीत होती. आणि सरकार जे करते तेच झाले, समिती बसली. वसाहत खात्याचे शिक्षण सल्लागार ख्रिस्तोफर कॉक्स तिचे अध्यक्ष, विषय हा की विद्यापीठ पुन्हा उभारायचे की नाही. समितीने हो म्हटले, तरी रक्कम लगेच हातात पडली नाही. १९४६ च्या ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले ते मोडक्या इमारतींतच. पुढे ब्रिटिश सरकारने अडीच लाख पौंड दिले.

वर्ग आधी, पैसे मागून, हा क्रम मला फार ओळखीचा आहे. आमच्या रसायनशाळेवर मंगलोरी कौले होती. वाळूच्या बादल्यांशेजारी गळतीच्या बादल्या मांडून प्रॅक्टिकल चालायचे, शिपाई पोत्याने फरशी पुसत फिरायचा. दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवला की शेरा येई, ‘काम नवीन की दुरुस्ती, खुलासा करावा.’ खुलासा जाई, मग अंदाजपत्रक जुन्या दरसूचीचे म्हणून परत. शिपाई रोज अहिराणीत विचारायचा, ‘भाऊ, काय व्हयनं फाईलनं?’ मंजुरी आली तीही मार्चअखेरीस, ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा या अटीसह.

देणगीदारांकडे गेलो नव्हतो असे नाही. नव्या खोलीला आईवडिलांचे नाव लावायला माणसे तयार असतात, वाशाला नाव कुणी लावत नाही. म्हणून पडझडीचा खर्च सरकारनेच उचलावा असे माझे पक्के मत आहे, आणि दुरुस्तीचे शीर्ष दरवर्षी वेगळे राखावे, मागणी येण्याची वाट न पाहता. पैसे ठरल्या कामालाच लागले असे उपयोगिता प्रमाणपत्र मागा, दहा सह्या मागा, हरकत नाही. फक्त पैसे पावसाच्या आधी सोडा.