लाइन रिकामी, फाइल रखडलेली

काही वर्षांपूर्वी १२ गिगाबाइटची एक बॅकअप फाइल रोज रात्री दुसऱ्या खंडातील सर्व्हरवर पाठवण्याचे काम माझ्याकडे होते. लाइन ५० मेगाबिटची होती आणि हिशेबाने फाइल अर्ध्या-पाऊण तासात पोहोचायला हवी होती. प्रत्यक्षात दहा तास लागत, आणि सकाळचे काम सुरू झाले तरी ती वाटेतच असे. उपाय म्हणून लाइन १०० मेगाबिटची करून घेतली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर वेळ तेवढाच. रुंदी दुप्पट होऊनही वेळेत फरक पडत नसेल तर दुखणे रुंदीचे नाही, हे त्याच सकाळी लक्षात यायला हवे होते. मला आणखी आठवडा लागला.

उत्तर पिंगच्या आकड्यात होते. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, जाऊन त्याची पोच परत येण्यास २०० मिलिसेकंद लागत होते. टीसीपी या डेटा पोहोचवण्याच्या नियमावलीत (प्रोटोकॉलमध्ये) पोच येण्यापूर्वी किती डेटा वाटेत सोडता येईल याला मर्यादा असते, तिला विंडो म्हणतात. आणि पॅकेटच्या मूळ हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, या आकड्यासाठी फक्त १६ बिट राखलेले असल्याने ती मर्यादा ६५,५३५ बाइटच्या पुढे जात नाही. एका फेरीला २०० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला पाच फेऱ्या, आणि पाच फेऱ्यांत सुमारे सव्वातीन लाख बाइट, म्हणजेच २.६ मेगाबिट. १०० मेगाबिटची लाइन भरलेली ठेवायची असेल तर जवळजवळ २५ लाख बाइट सतत वाटेत असावे लागतात. आमची लाइन ९७ टक्के वेळ नुसती पोचेची वाट पाहत बसलेली होती.

गंमत अशी की या प्रश्नाचे उत्तर १९९२ सालच्या आरएफसी १३२३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातच दिलेले आहे. जोडणी सुरू होताना दोन्ही बाजू एक घातांक सांगतात आणि विंडोचा आकडा दोनाच्या तितक्या घाताने गुणून वाचला जातो. अशा रीतीने ती जवळपास एक गिगाबाइटपर्यंत नेता येते. आमच्या दोन्ही सर्व्हरवर ही सोय चालू होती. शेवटी दोन्ही टोकांना टीसीपीडम्प हे पॅकेटे टिपणारे साधन लावले, तेव्हा दिसले की इकडून निघालेल्या पहिल्या, जोडणी सुरू करणाऱ्या सिन पॅकेटमध्ये घातांक ७ (म्हणजे १२८ पट) लिहिलेला आहे, आणि तिकडे पोहोचलेल्या त्याच पॅकेटमध्ये त्या जागी निरर्थक भरणा आहे. मधली एक जुनी फायरवॉल (पॅकेटे तपासणारे सुरक्षायंत्र) आपल्याला न समजणाऱ्या अशा पर्यायी नोंदी पुसून टाकत होती. तिची एक सेटिंग बदलल्यावर तीच फाइल वीस मिनिटांच्या आत जाऊ लागली.

तेव्हापासून ‘नेटवर्कचा वेग वाढवणे’ हे शब्द ऐकले की मी आधी वाट कोण कोणाची पाहत आहे, हे शोधतो. मात्र सरसकट जास्त डेटा वाटेत ढकलणे हाही उपाय नव्हे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील जोडणीचा वेग ३२ किलोबिटवरून ४० बिट प्रति सेकंदावर कोसळला होता, आणि या दोन ठिकाणांत अंतर होते अवघे ४०० यार्ड. गर्दी झाल्यावर प्रत्येक यंत्र हरवलेली पॅकेटे पुन्हा पाठवून गर्दीत भरच घालत होते. नेटवर्क-संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायाचे सार असे की सुरुवात थोड्या पॅकेटांनी करावी, पोच येत राहील तसे प्रमाण वाढवावे, आणि पॅकेट हरवले की माघार घ्यावी. म्हणजे वेग परत आला तो थांबायला शिकल्यामुळे, आणि टीसीपीच्या आजच्या क्युबिक किंवा बीबीआर या पद्धतीही मुळात याच प्रश्नाची उत्तरे आहेत.

याच्याशी जोडलेली एक फसगत घराघरांत आढळते. कोणी मोठा व्हिडिओ अपलोड करू लागले की त्याच राउटरवरचा व्हिडिओ कॉल अडखळू लागतो, आणि दोष ‘नेट स्लो आहे’ म्हणून लाइनला दिला जातो. वास्तविक राउटरमध्ये किंवा मोडेममध्ये गरजेपेक्षा मोठा बफर असतो; तो पॅकेट टाकून देण्याऐवजी रांगेत साठवत राहतो, त्यामुळे टीसीपीला माघार घेण्याची खूण उशिरा मिळते आणि कॉलची छोटी पॅकेटे त्या लांबलचक रांगेच्या शेवटी उभी राहतात. याला बफरब्लोट म्हणतात. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी मांडलेली कोडेल ही पद्धत रांगेच्या लांबीऐवजी पॅकेटने रांगेत घालवलेला वेळ मोजते, आणि तो फार वाढला की पॅकेट टाकून टीसीपीला खूण देते. माझ्या राउटरवर मी तिचीच पुढची आवृत्ती, एफक्यू-कोडेल, लावली आणि अपलोडची मर्यादा मुद्दाम लाइनच्या ९० टक्क्यांवर ठेवली, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता राउटरच्या हातात राहते. अपलोड चालू असताना ८०० मिलिसेकंदांवर जाणारा पिंग ३० च्या आसपास स्थिरावला. वेग कमी करून नेट जलद झाले, हे घरच्यांना पटवून देणे मात्र मला अजून जमलेले नाही.

वेबपानांच्या बाबतीत वाट पाहण्याचा मोठा भाग ओळख करून घेण्यातच जातो. टीसीपीची एक फेरी, कूटलेखन करून डेटा गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस १.२ च्या दोन, आणि मग कुठे पहिली विनंती. म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या अंतरावर ६०० मिलिसेकंद नुसत्या नमस्कार-चमत्कारात खर्ची. २०१८ च्या टीएलएस १.३ ने त्यातली एक फेरी वाचवली. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या प्रोटोकॉलने जोडणी आणि कूटलेखन एकत्र बांधून सगळे एका फेरीत आणले, शिवाय एका प्रवाहातील पॅकेट हरवल्यास बाकीचे प्रवाह अडून राहणार नाहीत अशी व्यवस्था केली. पूर्वी भेट दिलेल्या सर्व्हरला तर विनंती पहिल्याच पॅकेटबरोबर पाठवता येते. पण अशी विनंती कोणी टिपून पुन्हा पाठवू शकतो, म्हणून पैसे वळते करण्यासारख्या कामाला ती सवलत देऊ नये.

उरते ते अंतर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे १०,००० किलोमीटरवर पॅकेट जाऊन त्याची पोच यायला १०० मिलिसेकंद लागणारच, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. येथे प्रोटोकॉलचे काही चालत नाही. मजकुराची प्रतच वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर आणून ठेवावी लागते, आणि सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरची जाळी, नेमके तेच करतात. माझ्या बॅकअपला ती सोय नव्हती, कारण ती फाइल दूर ठेवणे हाच तिचा उद्देश होता.