रॅपरची गोधडी

आज चौथीच्या पोरांना शिल्पकार एल अनात्सुई यांचं काम दाखवलं. जन्म घानाचा, पण कित्येक वर्षं नायजेरियातल्या न्सुकाच्या विद्यापीठात शिकवलं, आणि दारूच्या बाटल्यांची टोपणं चेपून, तांब्याच्या तारेनं जोडून भिंतभर पडदे करतात, २०१५ ला व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळालाय त्यांना.

टोपणांनी हात कापतात म्हणून आम्ही बिस्किट-वेफर्सचे रॅपर घेतले, पोरांनी महिनाभर घरून धुऊन आणलेले. चौकोन कापायचे, चार कोपऱ्यांना पंचनं भोकं, त्यातून लोकर. दोन तास वर्ग चिडीचूप! एक मुलगा आहे, कधीच काही पूर्ण करत नाही, तो आज चांदी वर ठेवू की रंग वर ठेवू यावर कितीतरी वेळ विचार करत बसला आणि मग एक सुलटा एक उलटा असं लावत गेला, ती ओळ इतकी सुंदर झाली ना, पाण्यावर ऊन पडल्यासारखी. शेजारची म्हणाली, "बाई, ही तर माझ्या आजीची गोधडी." खरंच की! मला सुचलंच नव्हतं हे.

मग टांगायचं कसं? अनात्सुई ते लावणाऱ्यावर सोडतात, घड्या कशाही घाला, दरवेळी नवा आकार. हे सांगितलं मात्र, पोरांनी तीनदा उतरवून तीनदा लावलं, मधल्या सुट्टीत डबेसुद्धा उघडले नाहीत.

उद्या तिसरीची पोरं येऊन चौथ्यांदा लावणारेत, आजच ठरलंय.